जर्मन मेजर घ्यावे की मायनर? कोल्हापुरात राहून नियोजन कसे करावे?

प्रश्न : पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार.

मी यंदा कोल्हापुरातील एका महाविद्यालयातून कला शाखेची बारावी उत्तीर्ण झाले आहे. अकरावीपासून एका खासगी वर्गात जर्मन शिकते आहे; ए१ ते सी२ अशा सहा चढत्या स्तरांपैकी ए१ आणि ए२ हे दोन स्तर झाले असून आता बी१ची तयारी सुरू करायची आहे. ही भाषा मला मनापासून आवडते आणि पदवीच्या अभ्यासात तिला ठळक जागा द्यायची, हे माझे ठरलेले आहे. ती जागा मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, असावी की मायनरची, म्हणजे दुय्यम विषयाची, एवढाच प्रश्न उरतो. परंतु त्यात इतके उपप्रश्न गुंतले आहेत की घरी रोज चर्चा होऊनही निर्णय होत नाही.

पहिला मार्ग म्हणजे पुण्याला जाऊन जर्मन मेजर घेऊन बी.ए. करणे. फर्ग्युसनमध्ये ती सोय आहे, आणि पुढे एम.ए. करावेसे वाटले तर पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही त्याच रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. दुसरा मार्ग म्हणजे कोल्हापुरातच राहून अर्थशास्त्र किंवा इतिहास मेजर घ्यायचा आणि जर्मन सोबत चालवायचे, मग ते महाविद्यालयात मायनर म्हणून मिळो किंवा शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागातून स्वतंत्रपणे.

वडील शिरोली एमआयडीसीत नोकरी करतात. त्यांचा भाषेला विरोध नाही, परंतु वसतिगृह आणि खाणावळीचा तीन वर्षांचा खर्च करायचा तर त्यातून नेमके काय हाती येणार, हे त्यांना समजून घ्यायचे आहे, आणि ते विचारणे मला रास्त वाटते. म्हणून जाणकारांना विनंती आहे की जर्मन मेजरमध्ये भाषेखेरीज काय शिकवतात, मायनरमधून भाषा कुठल्या स्तरापर्यंत येते, कोल्हापूरच्या परिसरात या भाषेला काही काम आहे का, आणि पुढे जर्मनीत एम.ए. करायचे झाल्यास यांतला कुठला मार्ग अडचणीचा ठरतो, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : भाषाशिक्षिका_पुणे

माझे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले आणि सध्या मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत.

सर्वप्रथम एक फरक स्पष्ट करून घ्यावा. जर्मन भाषा येणे आणि जर्मन या विषयाची पदवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेजरच्या पहिल्या वर्षात भाषेवर भर असतो. नंतर मात्र जर्मनभाषक देशांचा सांस्कृतिक इतिहास, कथा-कविता-नाटकांचे वाचन, भाषाविज्ञानाची ओळख, भाषांतराचा सराव आणि बहुतेक ठिकाणी भाषाध्यापनाची तोंडओळख असे विषय येतात. ज्या विद्यार्थ्याला मूळ जर्मन मजकूर तासन् तास वाचण्यात आनंद वाटतो, त्याच्यासाठी ही तीन-चार वर्षे अत्यंत समृद्ध असतात. ज्याला केवळ अस्खलित बोलायचे आणि पत्रव्यवहार करायचा असतो, तो दुसऱ्या वर्षी कंटाळतो, आणि तो दोष ना विद्यार्थ्याचा असतो ना विषयाचा. त्यामुळे पुण्याला येण्यापूर्वी स्वतःची एक परीक्षा घ्या: ए२नंतर वाचता येईल अशी एखादी सोपी केलेली जर्मन कथा आणा आणि पूर्ण करा. पुढची हाती घ्यावीशी वाटली, तर मेजर तुमच्यासाठी आहे.

आता मायनरविषयी. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार जी रचना लागू झाली आहे, तीत मायनर विषयाला तीन वर्षांत मिळून साधारण १८ ते २० क्रेडिट आहेत. एक क्रेडिट म्हणजे वर्गातील सुमारे १५ तास धरले, तर मायनरचे एकूण २७० ते ३०० तास होतात. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट ही संस्था स्तरांसाठी जे तासिकांचे अंदाज देते, ते ४५ मिनिटांच्या तासिकांचे आहेत: बी१साठी ३५० ते ६५० आणि बी२साठी ६०० ते ८०० तासिका. आपले ३०० तास म्हणजे तशा ४०० तासिका. म्हणजेच शून्यापासून सुरुवात करणारा विद्यार्थी केवळ मायनरच्या बळावर बी१च्या उंबरठ्यापर्यंत किंवा जेमतेम बी१पर्यंत पोहोचतो. व्यवहारात उपयोग होतो तो बी२पासून. त्यामुळे मायनर घेतले की भाषा आली, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबून राहू नये.

तुमच्या बाबतीत तर यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. तुमचा ए२ झालेला आहे. मायनरचा वर्ग सर्वसाधारणपणे मुळाक्षरांपासून आणि अंकांपासून सुरू होतो, कारण वर्गातील बहुतेक विद्यार्थी नवखे असतात. तुम्ही त्यात बसलात तर पहिली दोन वर्षे तुम्हाला आधीच येणाऱ्या गोष्टींवर जातील; गुण उत्तम मिळतील आणि भाषा मात्र आहे तिथेच राहील. हा धोका मला फार मोठा वाटतो, कारण चांगल्या गुणांमुळे तो लक्षातच येत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी त्या विभागात जाऊन अभ्यासक्रम मागून घ्या, मायनर कुठल्या स्तरापासून सुरू होते हे विचारा, आणि स्तरनिश्चितीची चाचणी घेऊन तुम्हाला पुढच्या वर्गात बसवता येईल का, याची चौकशी करा. तसे होणार नसेल, तर मायनरसाठी दुसरा एखादा उपयुक्त विषय निवडून जर्मन पदवीच्या बाहेर, स्वतंत्र शिकणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

हे बाहेरून शिकणे आता नियमांच्या दृष्टीनेही सोपे झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात जाऊन करायचे असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, एवढी अट आहे. विद्यापीठातील प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांकडे त्या दृष्टीने पाहावे. तिथेही प्रश्न तोच विचारायचा: प्रवेश कुठल्या पायरीवर मिळेल?

मराठी माणसाला या भाषेत एक अनुकूलता आहे, ती इथे नमूद करते. तीन लिंगे, विभक्तीनुसार बदलणारी रूपे आणि गौण वाक्यात शेवटी जाणारे क्रियापद या तिन्ही गोष्टी इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला अवघड वाटतात, आपल्याला मात्र त्या घरच्या आहेत. नामांची लिंगे मराठीशी जुळत नाहीत, ती प्रत्येक नामासोबत पाठच करावी लागतात. परंतु निर्जीव वस्तूलाही लिंग असते ही कल्पनाच आपल्याला नवी नसते. शिकताना व्याकरणाची तुलना इंग्रजीशी न करता मराठीशी करावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर अध्यापन, भाषांतर किंवा संशोधन यांपैकी काही करायचे असेल तरच जर्मन मेजरसाठी कोल्हापूर सोडावे. या क्षेत्रांत पदवीला पर्याय नाही, आणि महाविद्यालयात शिकवायचे असल्यास पुढे एम.ए. आणि यूजीसीची नेट परीक्षाही जर्मन विषयातच द्यावी लागते. अशा वेळी पुण्याबरोबरच दिल्लीचे जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) आणि हैदराबादचे इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ) यांचाही विचार करावा. तेथे बी.ए. स्तरावर जर्मन आहे आणि शिक्षणशुल्क कमी आहे. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. अन्यथा, अर्थशास्त्रात तुम्हाला खरोखर गती असेल तर ते मेजर घ्यावे आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बी२ हातात असेल अशा बेताने जर्मनची आखणी करावी.

उत्तर : ओतकाम

मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, निर्यातीचे काम पाहतो. कोल्हापुरात या भाषेला काम आहे का, एवढ्याच भागाचे उत्तर देतो, कारण तेवढेच मला अनुभवाने माहीत आहे.

केवळ भाषांतरकार म्हणून पूर्णवेळ नोकरी आमच्याकडच्या कारखान्यांत मिळेल, असे मला वाटत नाही. जर्मन ग्राहकांच्या खरेदी विभागात इंग्रजी उत्तम चालते आणि रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीतच होतो. परंतु इंग्रजी जिथे संपते, तिथेच नेमका पैशांचा प्रश्न सुरू होतो. जुन्या भागांची रेखाचित्रे आजही पूर्ण जर्मन मजकुरासह येतात. त्यावर धातूची प्रत जुन्या जर्मन मानकानुसार ‘जीजी २५’ अशी लिहिलेली असते, जिला आता युरोपीय मानकात ‘ईएन-जीजेएल-२५०’ म्हणतात. कडेला पृष्ठभाग, काठिण्य आणि तपासणीविषयी बारीक अक्षरांत टिपा असतात. त्यातली एक टीप नजरेतून सुटली की संपूर्ण कास्टिंगची बॅच नाकारली जाऊ शकते. पहिल्या नमुन्याचा तपासणी अहवाल, ज्याला ते ‘एर्स्टमुस्टर’चा अहवाल म्हणतात, आणि मालाविषयीची तक्रार यांतील मजकूरही पुष्कळदा कारखान्यातील गुणवत्ता विभागाने जर्मनमध्येच लिहिलेला असतो.

हे काम करणारी व्यक्ती आम्हाला हवी असते. पण तिला पत्रव्यवहाराबरोबरच निर्यातीची कागदपत्रे, बँकेचे पतपत्र, जहाजभाड्याच्या अटी आणि विनिमय दर हेही कळावे लागते. अशा माणसाला ‘जर्मन येते म्हणून’ कोणी नेमत नाही. निर्यात विभागात नेमतात, आणि जर्मन येते म्हणून त्याच्याकडे ग्राहक सोपवतात. पगारात आणि बढतीत फरक पडतो तो या दुसऱ्या पायरीवर. म्हणून अर्थशास्त्र किंवा वाणिज्य मेजर आणि पक्के बी२ ही जोडी आमच्या भागासाठी मला सर्वांत उपयोगाची वाटते.

आणखी एक सुचवतो. नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगची तरतूद आहे. ते प्रशिक्षण एखाद्या निर्यात करणाऱ्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये करा. पॅटर्न, कोअर, मोल्डिंग, फेटलिंग हे ओतकामातले सर्व टप्पे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्यांचे जर्मन शब्द लक्षात राहतात, नाहीतर तांत्रिक शब्दकोश पाठ करूनही उपयोग होत नाही. ड्युसेलडोर्फला दर चार वर्षांनी ‘गिफा’ हे ओतकामाचे मोठे प्रदर्शन भरते. २०२३मध्ये झाले, आता २०२७मध्ये आहे. कोल्हापुरातून तिथे जाणारे उद्योजक असतात, आणि त्या वेळी दालनावर जर्मन बोलणारा स्वतःचा माणूस असावा असे त्यांना वाटते. तुमचा पदवीचा काळ आणि हे वर्ष जुळून येते, हे लक्षात असू द्या.

वडील शिरोलीत आहेत, तर त्यांच्याच ओळखीने दोन-तीन कारखान्यांच्या निर्यात विभागांत जाऊन विचारावे. त्यांच्या शंकेचे समाधान माझ्या उत्तरापेक्षा तिथे अधिक चांगले होईल.

उत्तर : जुना_वाचक

आपण इतिहासाचाही उल्लेख केला आहे आणि वरच्या दोन्ही उत्तरांत तो बाजूला राहिला, म्हणून लिहितो.

महाराष्ट्राच्या इतिहासाचा आणि लोकधर्माचा अभ्यास करणाऱ्याला जर्मन वाचता येणे ही फार मोठी शिदोरी आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केले. त्यांचे या दैवतांवरील मुख्य संशोधन १९७६मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजीत यायला १९८९ उजाडले. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाची यात्रा दरवर्षी पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकाला, आपल्याच दैवतांवरचे लेखन वाचण्यासाठी तेरा वर्षे थांबावे लागले. ज्यांना जर्मन येत होते त्यांना थांबावे लागले नाही.

उलट दिशेचा प्रवासही आपल्याकडे जुना आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर आणि समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे या दोघांनीही डॉक्टरेट मिळवली ती बर्लिनला. इतिहास मेजर आणि जर्मन मायनर ही जोडी नोकरीच्या जाहिरातीत दिसणार नाही, परंतु संशोधनाकडे ओढा असणाऱ्या विद्यार्थिनीने ती केवळ जाहिरातीत नाही म्हणून सोडू नये. या मार्गात बोलण्यापेक्षा वाचनाला महत्त्व असते, आणि वाचनाचे सामर्थ्य बी१नंतर नेटाने वाचत राहिल्यास स्वतःच्या बळावर वाढवता येते.

पंचगंगाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मायनर शून्यापासून सुरू होण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. वडिलांनी ओतकाम सरांचे उत्तर दोनदा वाचले आणि पुढच्या आठवड्यात एका कारखान्यात मला घेऊन जाण्याचे ठरवले आहे.

दोन शंका उरतात. अर्थशास्त्र मेजर घेतल्यानंतर पुढे जर्मनीत एम.ए. करावेसे वाटले, तर तेथे जर्मन भाषेच्याच विषयात प्रवेश मिळू शकतो का? आणि घरी एक काका सतत म्हणतात की आता यंत्रच भाषांतर करते, मग भाषेत इतकी वर्षे कशाला घालवायची? त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

उत्तर : इचलकरंजी_ते_लाइपझिग

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. सध्या मी जर्मनीत ‘परकीय भाषा म्हणून जर्मन’ या विषयात एम.ए. करतो आहे.

जर्मनीत पदव्युत्तर प्रवेश देताना विद्यापीठे प्रामुख्याने एक गोष्ट पाहतात: ज्या विषयात प्रवेश हवा आहे, त्या विषयाचे पुरेसे शिक्षण पदवीत झाले आहे का? म्हणून मेजरची निवड ही पुढच्या दरवाज्याची निवड असते. अर्थशास्त्र मेजर असेल तर अर्थशास्त्राच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी अर्ज करता येतो, आणि तिथेही गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांचे किती क्रेडिट झाले हे मोजले जाते, तेव्हा हे विषय टाळू नका. जर्मन साहित्य, भाषाध्यापन किंवा भाषांतर यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना बहुधा जर्मनची किंवा तिच्या निकटच्या विषयाची पदवी लागते. १८-२० क्रेडिटचे मायनर त्यासाठी क्वचितच पुरते. लाइपझिगची हेर्डर संस्था किंवा माइन्त्स विद्यापीठाचा गेर्मर्सहाइम येथील भाषांतर विभाग हे तुमचे स्वप्न असेल, तर मेजरच घ्या आणि पुण्याला जा. स्वप्न वेगळे असेल तर जाण्याची गरज नाही.

भाषेचा पुरावा दोन्हीकडे लागतो. जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमांना सर्वसाधारणपणे टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षेत चारही भागांत चौथी श्रेणी किंवा डीएसएच या विद्यापीठीय भाषापरीक्षेत डीएसएच-२ हा निकाल मागतात, जो बी२च्या वरचा आणि सी१च्या जवळचा असतो; भाषेच्याच विषयांना अनेक ठिकाणी थेट सी१ मागतात. अर्थशास्त्राचे इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रमही आहेत, परंतु शिकताना अर्धवेळ काम आणि नंतर नोकरी मिळवताना भाषा नसल्याची अडचण इथे रोज दिसते.

तीन वर्षांच्या पदवीविषयी फार काळजी करू नका. जर्मनीतील पदवीही पुष्कळदा सहा सत्रांची आणि १८० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या, क्रेडिटची असते. काही विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, काही चार वर्षांची मागतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या पसंतीच्या विद्यापीठांच्या अटी वाचून, चौथे ऑनर्सचे वर्ष करायचे की नाही ते ठरवा.

खर्चाचे आकडे वडिलांसाठी देतो. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, केवळ सत्राचे ठरावीक वर्गणीवजा शुल्क असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घेते. व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. ती फी नसते, दरमहा ९९२ युरो याप्रमाणे आपल्यालाच परत मिळते, परंतु सुरुवातीला एकरकमी उभी करावी लागते आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे, आणि त्यासाठी दहावीपासूनची सर्व मूळ गुणपत्रके नीट सांभाळून ठेवावीत. १९२५मध्ये स्थापन झालेल्या डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्यांकडे पदवीच्या काळातच लक्ष ठेवा. त्यांत उन्हाळी भाषावर्गांसाठीच्या आहेत का, तेही पाहा.

उत्तर : भाषाशिक्षिका_पुणे

दुसऱ्या शंकेविषयी. तुमच्या काकांचे निरीक्षण चुकीचे नाही, आणि त्यांना तसे सांगावे. कोलोनच्या डीपएल कंपनीने २०१७मध्ये भाषांतराची सेवा सुरू केली, तेव्हापासून जर्मन-इंग्रजी भाषांतराचा दर्जा झपाट्याने सुधारला. साध्या व्यावसायिक पत्रांच्या भाषांतरासाठी आज कोणी पूर्वीसारखे पैसे देत नाही. पूर्वी नवशिके भाषांतरकार ज्या कामांवर हात बसवत, ती कामे आटली आहेत. याची मला चिंता वाटते आणि मी ती विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

परंतु यामुळे घटले ते अर्धवट भाषा येणाऱ्याचे मोल. यंत्राने दिलेला मजकूर योग्य आहे की नाही हे ठरवणे, करारातील एका शब्दाची जबाबदारी घेणे, समोरच्या माणसाशी फोनवर बोलून गैरसमज दूर करणे आणि रुग्णालयात किंवा वर्गात प्रत्यक्ष बोलणे, या कामांना माणूसच लागतो, आणि तोही बी२च्या पुढचा. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर बहुतेक राज्यांत बी२ मागतात. तिथे मोबाइलमधील यंत्राचे भाषांतर चालत नाही. तेव्हा काकांच्या म्हणण्यावरून जो निष्कर्ष निघतो तो भाषा सोडण्याचा नाही, ती ए२ किंवा बी१वर न सोडण्याचा आहे. मी तुम्हाला स्तरांविषयी इतके आग्रहाने लिहिले, त्याचे कारण हेच.

वेळापत्रक असे ठेवता येईल. पदवीच्या पहिल्या वर्षात बी१ पूर्ण करा आणि परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटच्या तिथल्या केंद्रात, द्या. ए१ आणि ए२च्या परीक्षांवर आता पैसे खर्च करू नका. खालची प्रमाणपत्रे नसली तरी थेट वरच्या स्तराला बसता येते. बी१पासून वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग स्वतंत्र धरले जातात, प्रत्येकात १००पैकी ६० गुण लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. कोल्हापुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा बहुधा श्रवणाचा भाग कच्चा राहतो, कारण वर्गाबाहेर भाषा कानावर पडत नाही. त्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐका. त्या विनामूल्य आहेत आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. आधी न वाचता ऐका, मग वाचत ऐका, मग पुन्हा न वाचता.

दुसरे आणि तिसरे वर्ष मिळून बी२साठी ठेवा. हा स्तर सर्वांत लांब वाटतो आणि पुष्कळ जण इथेच थांबतात, म्हणून त्याला दीड वर्ष देण्यात कमीपणा नाही. बी२ची परीक्षा मात्र फार लवकर देऊ नका. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, परंतु ते मागणाऱ्या अनेक संस्था दोन वर्षांपेक्षा जुने प्रमाणपत्र मान्य करत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात दिली तर नोकरी आणि प्रवेश दोन्हींसाठी ती वेळेवर हाती येईल.

आणि कारखान्यात जाल तेव्हा एखादे जुने, जर्मन मजकूर असलेले रेखाचित्र पाहायला मिळेल का, हे अवश्य विचारा. प्रत बाहेर नेऊ देणार नाहीत, ते योग्यच आहे. तिथेच बसून त्यातले किती वाचता आले ते इथे लिहा. त्यावरून बी१च्या वर्गासोबत तांत्रिक शब्दसंग्रह आत्ताच सुरू करावा की वर्षभर थांबावे, हे मला तुम्हाला नेमके सांगता येईल.